यादीत नसलेल्यांचे सर

गणिताचा भाग मागे राहिला की पीटीचा तास जातो. विज्ञान प्रदर्शन आलं की पीटीचा तास जातो. सहामाही तोंडावर आली की आठवडाभर मैदानाकडे कुणी फिरकायचं नसतं. महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. गंमत अशी, की ज्यांचा तास जातो ते सर मात्र शाळेत सगळ्यांत जास्त धावपळीत असतात. पंधरा ऑगस्टची कवायत त्यांची, झेंड्याची दोरी त्यांची, माइक घरघरला की हाक त्यांना, सहलीच्या बसमध्ये मुलं मोजायची त्यांनी आणि मधल्या सुट्टीतली मारामारी सोडवायची तीही त्यांनीच. गळ्यात शिट्टी असली म्हणजे माणूस शिक्षक कमी आणि मुकादम जास्त, असा हिशेब शाळांनी कधीचाच करून टाकला आहे.

पण याच सरांचा एखादा विद्यार्थी भारताकडून खेळला, की हिशेब एका रात्रीत फिरतो. मग सर गुरू होतात, त्यांच्या पायावर डोकं ठेवतानाचे फोटो छापून येतात. 1985 पासून केंद्र सरकार प्रशिक्षकांना जो पुरस्कार देतं त्याचं नावच द्रोणाचार्य आहे. (शिकवायला नकार दिलेल्या मुलाचा अंगठा मागून घेणाऱ्या गुरूचं नाव निवडताना समितीत कुणाला एकलव्य आठवला नसेल का, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो.) मुकादम आणि गुरू या दोन टोकांच्या मध्ये जो साधा शिक्षक उभा असतो, त्याच्याकडे बघायला मात्र कुणाला सवड नसते.

मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे. शाळेतल्या क्रीडाशिक्षकाचं मोल त्याने किती खेळाडू वर पाठवले यावरून ठरवणं चूक आहे, असं माझं म्हणणं आहे. संघाची यादी फलकावर लागते त्या दिवशी ज्यांचं नाव तिच्यात नसतं, त्या मुलांचं पुढे काय होतं, यावरून ते ठरवायला हवं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग आचरेकर सरांचं काय? तर त्यांच्यापासूनच सुरुवात करू, कारण शालेय क्रिकेट आणि प्रशिक्षक म्हटलं की मराठी मनात दुसरं चित्र उमटतच नाही. रमाकांत आचरेकर शिवाजी पार्कवर मुलं घडवत होते, शारदाश्रम विद्यामंदिराचा संघ सांभाळत होते. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावं पाठ आहेत: सचिन तेंडुलकर, विनोद कांबळी, प्रवीण आमरे, चंद्रकांत पंडित, लालचंद राजपूत, बलविंदरसिंग संधू, अजित आगरकर, रमेश पोवार. 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री, आणि 2 जानेवारी 2019 रोजी ते गेले. सरांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. सचिन सराव सामना सोडून वानखेडेवर शारदाश्रमच्या दोन माध्यमांच्या संघांमधला, हॅरिस शिल्ड या शालेय स्पर्धेचा अंतिम सामना बघायला गेला. तिथे सरांनी त्याला गाठलं आणि सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, तुझ्यासाठी लोक टाळ्या वाजवतील असं खेळ, हा त्याचा आशय. सांगणाऱ्यागणिक कुठे नुसती बोलणी असतात, कुठे सणसणीत थप्पड.

ही गोष्ट सांगताना आपला सगळा जोर त्या थपडेवर असतो. पण तिच्यात एक बारीक तपशील आहे, तो बहुतेकांच्या कानावरून जातो. त्या दिवशी सरांनी त्या मुलासाठी सामना ठरवलेला होता आणि तो चौथ्या क्रमांकावर खेळेल असं समोरच्या संघाला सांगून ठेवलं होतं. एवढंच नव्हे, हे ते जवळपास रोज करत असत. नोकरी सांभाळायची, संध्याकाळी मुलाला स्कूटरवर मागे बसवायचं, एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचं, सरावाला त्याचा उत्साह मावळला तर यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि बाद करेल त्याचं नाणं, नाही तर तुझं, असं सांगायचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. रागावणं हे या सगळ्या कष्टातलं अर्धं मिनिट होतं. आपल्या गावोगावच्या मैदानांवर आज जे सर मुलांना शिव्या घालतात, त्यांनी आचरेकरांचं ते अर्धं मिनिट उचललं आहे आणि बाकीचा आयुष्यभराचा खटाटोप सोडून दिला आहे.

आणि त्यांचं मोल खेळाडूंवरून ठरवायचं म्हटलं, तर एक अवघड प्रश्न उभा राहतो. फेब्रुवारी 1988 मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध दोन मुलांनी 664 धावांची भागीदारी केली. कांबळी नाबाद 349, तेंडुलकर नाबाद 326. सर एकच, शाळा एकच, खेळपट्टी एकच. पुढे त्या दोघांची आयुष्यं कोणत्या दिशांना गेली ते मी सांगायला नको. एकाचं श्रेय सरांना द्यायचं असेल, तर दुसऱ्याचा दोषही त्यांच्याच माथी मारावा लागेल, आणि ते धडधडीत अन्यायाचं होईल. शाळेतला प्रशिक्षक मुलाचं प्राक्तन लिहीत नाही. दोन-चार वर्षं, दिवसातले दोन-तीन तास, तो त्याच्यासोबत असतो. त्या तासांत तो काय करतो एवढंच त्याच्या हाती.

त्या सामन्यातली मला सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट धावांची नाही. डाव घोषित करा, असा सरांकडून निरोप येत होता आणि ही दोन पोरं तो न ऐकल्यासारखं करून खेळत राहिली होती. शेवटी आज्ञा झाली तेव्हा कांबळी 349 वर होता. एक धाव काढू द्या म्हणून त्याने विनवलं, तरी सर बधले नाहीत, असं सांगितलं जातं. शारदाश्रमने 2 बाद 748 वर डाव सोडला आणि मग त्याच कांबळीने झेवियर्सचे सहा गडी टिपले. विक्रम डोळ्यांपुढे असताना डाव थांबवणारा माणूस मुलांना एक गोष्ट शिकवत होता: हा सामना आहे, आणि समोर उन्हात धावणारी अकरा मुलंही मुलंच आहेत.

जानेवारी 2016 मध्ये कल्याणला आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडेने नाबाद 1009 धावा केल्या. रिक्षा चालवणाऱ्याचा पंधरा वर्षांचा मुलगा, त्याच्या कष्टाचं कौतुक झालंच पाहिजे. पण तो धावफलक पूर्ण वाचा. के. सी. गांधी शाळेच्या 3 बाद 1465. समोरच्या शाळेच्या 31 आणि 52. देशभर मथळे झाले, शिष्यवृत्ती जाहीर झाली, त्या मुलाच्या खांद्यावर एवढ्या अपेक्षा येऊन बसल्या, की पुढे ती शिष्यवृत्ती त्याच्या घरच्यांनीच परत केली. ज्या मुलांनी त्या हजार धावांमागे चेंडू आणून दिले त्यांना घरी जाताना कुणी काय सांगितलं, हे कुठे छापून आलं नाही. शालेय खेळात दोन्ही संघ शिकायला आलेले असतात. हे मैदानावरच्या मोठ्या माणसांनी विसरायचं ठरवलं, तर मुलांनी ते लक्षात ठेवावं अशी अपेक्षा कशी करणार?

खेळाने चारित्र्य घडतं, हे वाक्य प्रत्येक क्रीडामहोत्सवाच्या उद्घाटनाला ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. खेळाने चारित्र्य बिघडतंही. चेंडू बॅटची कड घेऊन गेला हे माहीत असूनही साळसूद चेहऱ्याने उभं राहायला मूल मैदानावरच शिकतं. चौदा वर्षांखालच्या गटात सोळा वर्षांचा मुलगा घुसवण्यासाठी जन्मदाखल्यावर जे केलं जातं, ते त्या मुलाच्या डोळ्यांदेखत केलं जातं. आपल्या राज्यात खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. हेतू चांगलाच होता. पण त्याच्या पाठोपाठ बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही आली. कधीच न खेळलेल्या खेळाचं प्रमाणपत्र मुलाच्या हाती पडतं तेव्हा त्यावर कुणा ना कुणा मोठ्या माणसाची सही असतेच. चेंडूला आणि मैदानाला नीती नसते. ती आणतो किंवा घालवतो तो तिथे उभा असलेला शिक्षक.

मग चांगला शिक्षक तिथे नेमकं करतो काय? या प्रश्नाचं एक फार सुरेख उत्तर अमेरिकेत मिळालं होतं. जॉन वुडन हे नाव बास्केटबॉलमध्ये आपल्याकडच्या आचरेकरांसारखं घेतलं जातं. त्यांच्या यूसीएलए विद्यापीठाच्या संघाने 1964 ते 1975 या बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. त्याआधी हा माणूस इंडियानातल्या साउथ बेंड गावी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होता आणि तिथलाच संघ सांभाळत होता. रोनाल्ड गॅलिमोर आणि रोलंड थार्प हे दोन मानसशास्त्रज्ञ त्यांच्या सरावाला वही घेऊन जाऊन बसले आणि तोंडातून निघणारी प्रत्येक सूचना टिपत गेले. 2,326 नोंदी झाल्या. 1976 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यात शाबासकी सात टक्क्यांच्या आसपास, नापसंतीही तेवढीच. जवळपास तीन चतुर्थांश बोलणं निव्वळ माहितीचं होतं: पाय असा ठेव, चेंडू इथून सोड, हे का करायचं ते असं. प्रेरणादायी भाषण नाही, आरडाओरडा नाही. इंग्रजीच्या तासाला निबंध तपासणारा मास्तर जसं वाक्य दुरुस्त करतो, तसाच तो मैदानावर हालचाल दुरुस्त करत होता.

सचिनने 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सांगितलं, की सरांनी 29 वर्षांत एकदाही आपल्याला छान खेळलास म्हटलं नाही. यावरून कौतुक न करणं हीच शिकवण्याची किल्ली, असा अर्थ काढणारे खूप आहेत. मला तो अर्थ पटत नाही. ज्याच्याकडे असामान्य गुण आहे, घरचं पाठबळ आहे, त्याला कौतुकावाचून चालतं. संघाच्या कडेकडेने फिरणाऱ्या मुलाला चालत नाही, आणि याचा पुरावा आहे. सिएटलमधले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल यांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना जेमतेम अडीच तासांचं प्रशिक्षण दिलं: चूक झाली तर धीर देऊन दुरुस्ती सांगा, प्रयत्नांची दखल घ्या, अपमान करू नका. पुढच्या वर्षी बघितलं तेव्हा इतर प्रशिक्षकांकडच्या 26 टक्के मुलांनी खेळ सोडला होता. या प्रशिक्षकांकडच्या फक्त 5 टक्क्यांनी. सामने जिंकण्यात दोन्हीकडे फरक नव्हता. आणि सर्वांत जास्त फायदा कुणाला झाला, तर ज्यांचा स्वतःवर सगळ्यांत कमी विश्वास होता त्या मुलांना. अडीच तास! आपल्याकडे यापेक्षा जास्त वेळ जिल्हास्तरीय स्पर्धेच्या उद्घाटनाला पाहुणे यायची वाट बघण्यात जातो.

वर्गातलं अपयश प्रगतिपुस्तकात मिटून ठेवता येतं, मैदानावरचं येत नाही. झेल सुटला तर सगळ्या शाळेने पाहिलेला असतो. खो द्यायला उशीर झाला आणि धावक निसटला, तर रांगेत बसलेले आठही जण तुमच्याकडे बघत असतात. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ती पुढची पाच मिनिटं जन्मभर आठवतात, आणि त्या पाच मिनिटांत त्याच्याजवळ जाणारा एकच शिक्षक असतो. गणिताच्या बाईंना ही संधी मिळत नाही. चांगला सर तेव्हा फार बोलत नाही. पाण्याची बाटली देतो, एक दुरुस्ती सांगतो आणि पुढच्या पाळीला त्याच मुलाला पुन्हा उतरवतो.

यादी लावण्याचंही तसंच. साठांतून बारा घ्यायचे म्हणजे अठ्ठेचाळीस मुलांना नाही म्हणायचं, आणि ते टळत नाही. पण कागद चिकटवून निघून जाणं वेगळं, आणि प्रत्येकाला बाजूला घेऊन तुझं काय कमी पडलं आणि काय करता येईल हे सांगणं वेगळं. त्यातल्या एखाद्याला घड्याळ द्यावं, एखाद्याला गुणलेखन शिकवावं, एखादीला पंचाची शिट्टी द्यावी. जी मुलं खेळात टिकून राहतात ती सगळी खेळाडू म्हणूनच टिकतात असं कुठे आहे?

शिकवण्याच्या पलीकडे आणखी एक काम असतं, आणि ते कुठल्याही बी.पी.एड.च्या अभ्यासक्रमात मावत नाही. रोहित शर्मा बोरिवलीच्या शिबिरात ऑफस्पिन टाकताना प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. त्यांनी त्याला आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं, तर महिना 275 रुपये फी घरच्यांना परवडणारी नव्हती. लाड शाळेच्या संचालकांशी बोलले, फी माफ झाली. पुढे त्याला बॅट फिरवताना पाहून त्यांनी त्याला वरच्या क्रमांकावर खेळवलं, हा नंतरचा भाग. शार्दूल ठाकूरला पालघरहून रोजची लोकल जड जात होती, तर लाडांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. 2022 मध्ये त्यांना द्रोणाचार्य मिळाला. पण मला विचाराल तर फीमाफीसाठी संचालकांच्या खोलीत जाऊन उभं राहणं, हे त्यांचं खरं शिक्षकाचं काम होतं. त्या क्षणी तो मुलगा पुढे काय होणार हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

क्रिकेटच्या बाहेर आलं की हे काम आणखी अवघड होतं, कारण शेवटी पैशाची शक्यताही नसते. उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, सारिका काळेचं उदाहरण घ्या. मामांनी तिला तेराव्या वर्षी खो-खोच्या मैदानावर नेलं. जवळपास दहा वर्षं घरी दिवसाला एकच वेळचं जेवण होतं, असं तिनेच सांगितलं आहे. 2016 मध्ये ती भारताची कर्णधार होती, त्याच वर्षी दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळालं. आणि त्याच वर्षी पैशाच्या चिंतेने ती इतकी खचली होती, की खोलीचं दार बंद करून बसली होती. तिच्या आजीने हाक मारली ती प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना. ती पुन्हा मैदानावर आली. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. मुलगी दार उघडत नाही म्हणून ज्याला घरून बोलावणं येतं, तो माणूस त्या घरात काय असतो याला सरकारी सेवापुस्तकात रकाना नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू, आणि ती टाळून चालणार नाही. मुलाला घरी ठेवून घेणं, मुलीच्या बंद दारापर्यंत पोचणं, स्पर्धेसाठी परगावी मुक्काम करणं, दुखऱ्या स्नायूला हात लावणं: ज्या गोष्टींनी लाड आणि जाधव मोठे ठरतात त्याच गोष्टी वाईट माणसाच्या हातात शस्त्र होतात. यादीत नाव घालण्याचं बळ त्याच्याकडे, आणि मूल ते नाव यावं म्हणून काहीही सोसायला तयार. 2012 च्या पोक्सो कायद्याने शैक्षणिक संस्थेतल्या कर्मचाऱ्याने केलेला लैंगिक गुन्हा अधिक गंभीर धरला आहे, तो याच कारणाने. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मारहाण आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध केले आहेत. मैदान त्यातून वगळलेलं नाही. म्हणून मला वाटतं, मुलींच्या संघाबरोबर बाई असल्याच पाहिजेत, परगावी दोन मोठी माणसं हवीतच, सर आणि मूल एकटे एका खोलीत नकोत. चांगल्या सरांना याचा राग येतो, आमच्यावर अविश्वास दाखवता म्हणतात. येऊ दे. नियम असले की भल्या माणसावर किटाळ येत नाही, आणि पालकही मुलीला स्पर्धेला पाठवताना दहादा विचार करत नाहीत.

पण नियम पाळणारा, मुलांना बाजूला घेऊन समजावणारा, अठ्ठेचाळीस जणांना काही ना काही देणारा हा शिक्षक आणायचा कुठून? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने शाळेला खेळाचं मैदान सक्तीचं केलं. आणि सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर गेला, तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी द्यायला सांगितला एक अंशकालीन निदेशक. म्हणजे ज्या वयात मुलाचं शरीर रोज बदलत असतं, त्या वयात शरीराचा शिक्षक कायद्यानेच अर्धवेळ. पट कमी असेल तर तोही नाही. मग भूगोलाच्या सरांच्या हाती शिट्टी येते, आणि ते बिचारे दोन संघ पाडून चेंडू देऊन झाडाखाली बसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. तालुक्याला संघ नेला तर परतीच्या वडापावाचे पैसे स्वतःच्या खिशातून घालणारे सर आजही आहेत, आणि शाळेचा निकाल घसरला की मुलांना खेळाचा नाद लावला म्हणून बोलणी खाणारेही तेच असतात.

पालकांनी एवढं करावं. सरकारी किंवा अनुदानित शाळेत मूल असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा कायद्याने तुमच्याच आहेत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात वेळापत्रकातले पीटीचे किती तास खरोखर मैदानावर झाले? जे झाले नाहीत ते कोणत्या विषयाने घेतले? आणि शाळेचा संघ निवडून झाल्यावर उरलेल्या मुलांसाठी सरांना वेळ आणि साहित्य दिलं आहे का? उत्तरं तोंडी घेऊ नका. इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या बैठकीत पुन्हा विचारा.